मेंदूतील पेशींचा अभ्यास कसा करावा: प्रश्न ठरवण्यापासून आकडे मोजण्यापर्यंत

चेतापेशीचे, म्हणजे न्यूरॉनचे, मुख्य शरीर बहुधा १० ते २० मायक्रोमीटर रुंदीचे असते. मात्र तिचा अक्षतंतू, म्हणजे संदेश वाहून नेणारा लांब तंतू, काही मिलिमीटरपासून, पाठीच्या कण्यातून पायापर्यंत जाणाऱ्या पेशींच्या बाबतीत, मीटरभर लांब असू शकतो, आणि तिच्या फांद्यांवर हजारो सिनॅप्स, म्हणजे इतर पेशींशी जोडणारे सांधे, बसलेले असतात. अशी पेशी मेंदूतून बाहेर काढताना तिचे तंतू तुटतात, शेजारणींशी असलेले संबंध सुटतात, प्राणवायूचा पुरवठा काही मिनिटे थांबतो, आणि तरीही पुढचे सहा तास तिने निरोगी पेशीसारखे वागावे अशी आपली अपेक्षा असते. म्हणून या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न हाताशी ठेवावा: समोर दिसते ते पेशीचे मूळचे वागणे आहे की तिला झालेल्या इजेची खूण? पुढील सर्व पायऱ्या याच प्रश्नाभोवती रचल्या आहेत.

पायरी १: प्रश्न मोजता येईल असा लिहा

‘अल्झायमरमध्ये चेतापेशींचे काय होते’ हा कुतूहलाचा विषय झाला, प्रयोगाचा प्रश्न नव्हे. ‘अमुक जनुकबदल असलेल्या सहा महिन्यांच्या उंदरांत, हिप्पोकॅम्पसच्या (मेंदूतील स्मृतीशी निगडित भागाच्या) सीए१ या उपभागातील पिरॅमिडल (त्रिकोणी शरीराच्या) पेशींवर येणाऱ्या उत्तेजक सिनॅप्टिक प्रवाहांची वारंवारता एकाच वेतातील, पण तो बदल नसलेल्या भावंडांपेक्षा कमी आहे का’ हा प्रयोगाचा प्रश्न होय. यात पेशीचा प्रकार, मेंदूचा भाग, प्राण्याचे वय, मोजायची राशी आणि तुलनेचा गट हे सर्व आले. एवढे लिहिता येत नसेल तर उपकरणाजवळ जाण्याची घाई करू नये.

प्रश्न लिहिला की त्याचे वेळेचे आणि आकाराचे माप काढा. विद्युत स्पंद सुमारे एक मिलिसेकंद टिकतो; त्या स्पंदामुळे पेशीत वाढलेले कॅल्शियम रंगसूचकाच्या साहाय्याने पाहिले तर तो उजेड शेकडो मिलिसेकंद रेंगाळतो. दोन पेशींमधील सिनॅप्सची फट सुमारे २० नॅनोमीटरची, तर साध्या प्रकाश-सूक्ष्मदर्शकाची विभेदन-मर्यादा २०० नॅनोमीटरच्या आसपास असते. त्यामुळे दोन रंगांचे ठिपके एकमेकांवर दिसले म्हणून ती दोन प्रथिने एकत्र आहेत असे साध्या सूक्ष्मदर्शकाच्या भरवशावर म्हणता येत नाही. माप आणि साधन जुळत नसेल तर पुढची सर्व मेहनत वाया जाते.

पायरी २: नमुना निवडा

हॉजकिन आणि हक्सली यांनी चेतास्पंदाचे गणित मांडले ते स्क्विड या सागरी प्राण्याच्या महाअक्षतंतूवर. या तंतूची जाडी मिलिमीटरच्या आसपास जाऊ शकत असल्यामुळे त्याच्या आत लांबीच्या दिशेने तार सरकवता येत होती. १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या कामाला १९६३ मध्ये नोबेल मिळाले. त्यांच्या गणिताची चर्चा खूप होते. माझ्या मते त्यांची निवड तितकीच शिकण्यासारखी आहे, कारण प्रश्नाला उत्तर देऊ शकेल असा नमुना त्यांनी आधी गाठला.

आज निवड मोठी आहे. कर्करोगापासून तयार झालेल्या पेशीरेषा स्वस्त आणि काटक असतात, पण त्या विभाजित होत राहतात. खरी प्रौढ चेतापेशी तसे करत नाही. एखादे प्रथिन पेशीत कुठे जाते एवढे पाहण्यापुरत्या त्या ठीक आहेत. सिनॅप्सबद्दलचे निष्कर्ष त्यांच्यावरून काढू नयेत. भ्रूणाच्या मेंदूतून घेतलेल्या पेशींचे कल्चर (ताटलीत केलेली वाढ) एकेक सिनॅप्स स्पष्ट दाखवते, मात्र मेंदूतील मूळची जोडणी त्यात उरत नाही. मेंदूच्या जिवंत कापांत ती जोडणी काही अंशी टिकते. जिवंत प्राण्यात सर्व काही जागेवर असते, पण नियंत्रण सर्वात कमी असते. प्राण्यांवर काम करायचे तर नैतिक समितीची परवानगी प्रयोगापूर्वी हवी, आणि रसेल व बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे अर्जात उत्तरादाखल यावीत: प्राण्याला पर्याय आहे का, संख्या कमी करता येईल का, आणि वेदना कमी करता येईल का.

पायरी ३: पेशींचे कल्चर

उंदराच्या किंवा घुशीएवढ्या प्रयोगशालेय रॅटच्या भ्रूणातून, रॅटच्या बाबतीत साधारण गर्भधारणेच्या अठराव्या दिवशी, हिप्पोकॅम्पस काढला जातो. हे वय निवडण्याचे कारण व्यावहारिक आहे: त्या वेळी पेशी जन्मलेल्या असतात, पण त्यांच्या फांद्या फारशा पसरलेल्या नसतात, त्यामुळे वेगळ्या करताना कमी मोडतोड होते.

काचेच्या कव्हरस्लिपची स्वच्छता हे कंटाळवाणे काम येथे निर्णायक ठरते. चेतापेशी नुसत्या काचेला नीट चिकटत नाहीत; काच नायट्रिक आम्लात धुवून, पुष्कळ वेळा पाण्याने खळबळून, मग पॉली-डी-लायसिनचा थर द्यावा लागतो, आणि तो थरही जास्तीचा धुवून काढावा लागतो, कारण सुटा राहिलेला पॉली-लायसिन पेशींना विषारी असतो. ऊतीवर पपेन किंवा ट्रिप्सिन हे विकर ठरलेल्या वेळेपुरतेच ठेवा. नंतर आगीवर तोंड गुळगुळीत केलेल्या पाश्चर पिपेटने ती दहा-पंधरा वेळा हळू वरखाली ओढा. बुडबुडे होऊ देऊ नका. हवा आणि पाण्याच्या सीमेवर पेशी फाटतात. तळाशी थोडे तुकडे उरले तर उरू द्यावेत; ते मोडण्याच्या हट्टापायी सुट्या झालेल्या चांगल्या पेशी मरतात.

३७ अंश सेल्सिअस आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेल्या इन्क्युबेटरमध्ये पेशी वाढतात. माध्यम पूर्ण बदलू नये, दर काही दिवसांनी निम्मेच बदलावे, कारण पेशींनी स्वतः सोडलेले पोषक घटक त्यात असतात. बाष्पीभवनाने माध्यमाची तीव्रता वाढत जाते. ताटलीच्या कडेच्या खणांतील पेशी आधी खराब का होतात याचे उत्तर बहुधा तेथेच सापडते, म्हणून कडेच्या खणांत नुसते निर्जंतुक पाणी भरावे. प्रौढ सिनॅप्स दिसायला दोन ते तीन आठवडे लागतात. पाचव्या दिवशीच्या कल्चरवर ‘निरोधक सिनॅप्स’ अभ्यासणाऱ्याने हेही लक्षात घ्यावे की कोवळ्या पेशींच्या आत क्लोराइड जास्त असते आणि त्यामुळे गाबा हे रसायन त्यांना शांत करण्याऐवजी उत्तेजित करू शकते. दूषणापैकी मायकोप्लाझ्मा सर्वात फसवा असतो. त्याला पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिन त्याच्यावर चालत नाही, आणि माध्यम गढूळ होत नसल्यामुळे तो डोळ्यांना दिसतही नाही. ठरावीक काळाने पीसीआर चाचणी करणे हाच मार्ग.

पायरी ४: मेंदूचे जिवंत काप

महागडे उपकरण घेऊनही विदा खराब येते तेव्हा दोष बहुधा ॲम्प्लिफायरचा नसतो, कापाचा असतो. म्हणून या पायरीवर सर्वाधिक वेळ द्यावा.

आदल्या दिवशी नव्हे, शक्यतो त्याच दिवशी कृत्रिम मस्तिष्क-मेरुद्रव तयार करा. त्यात ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड यांचे मिश्रण निदान पंधरा-वीस मिनिटे फेसाळू द्या आणि कॅल्शियम त्यानंतरच घाला. हा क्रम उलटा झाला तर वायूअभावी द्रावणाचा सामू चढलेला असतो आणि कॅल्शियमचा साका खाली बसतो. द्रावण किंचित जरी दुधाळ दिसले तरी ते ओतून द्यावे. सामू ७.३ ते ७.४ आणि तीव्रता सुमारे ३०० मिलिऑस्मोल आहे ना, हे दर वेळी मोजून लिहावे. बाटलीवर काल लिहिलेला आकडा आजचा धरू नये.

कापण्यासाठी वेगळे, बर्फगार द्रावण वापरतात. त्यातील सोडियमच्या जागी सुक्रोज, कोलीन किंवा एनएमडीजी घातलेले असते, जेणेकरून कापताना पेशी स्पंद सोडून स्वतःला दमवणार नाहीत. भूल दिलेल्या प्राण्याचा मेंदू काढायला एका मिनिटाहून फार जास्त वेळ लागू नये. बुंध्याकडील बाजू गाळणकागदावर क्षणभर टेकवून कोरडी करा, कारण ओल्या पृष्ठभागाला गोंद धरत नाही आणि अर्धवट चिकटलेला मेंदू पात्यापुढे थरथरतो. व्हायब्राटोमचे, म्हणजे कंप पावणाऱ्या पात्याने काप घेणाऱ्या यंत्राचे, पाते प्रत्येक प्राण्यासाठी नवे हवे. त्यावरचे तेल अल्कोहोलने पुसावे. पाते आडवे कंप पावते ते ठीक, पण ते उभ्या दिशेनेही हलत असेल तर कापाचा वरचा थर ठेचला जातो. ज्या यंत्रात ही उभी हालचाल मोजता येते तेथे ती एका मायक्रोमीटरच्या आत आणावी. पुढे सरकण्याचा वेग कमीच ठेवावा. कापाची जाडी साधारण ३०० मायक्रोमीटर असावी: जास्त जाड काप ठेवला तर मधल्या पेशींना प्राणवायू पुरत नाही, फार पातळ ठेवला तर जोडणी उरत नाही.

काप ३२ ते ३४ अंशांवर सुमारे अर्धा तास आणि मग खोलीच्या तापमानाला निदान तासभर सावरू द्यावेत. त्यानंतर पहिला काप सूक्ष्मदर्शकाखाली घेऊन काही नोंदणी न करता फक्त पाहावा. निरोगी पेशी शोधावी लागते, ती आसमंतात मिसळून गेलेली असते. तिची कड मऊ, पृष्ठभाग गुळगुळीत आणि केंद्रक जेमतेम दिसणारे असते. जी पेशी लगेच नजरेत भरते ती बहुधा मरणपंथाला लागलेली असते: एकतर फुगून तिचे केंद्रक अंड्याच्या बलकासारखे उठून दिसते, नाहीतर ती आक्रसून काळपट, टोकदार कडांची झालेली असते. नवशिका नेमकी ठळक दिसणारी पेशी निवडतो आणि तेथेच पहिला पक्षपात शिरतो. वरच्या २०–३० मायक्रोमीटरमधल्या पेशी पात्याने दुखावलेल्या असतात. त्या सोडून खाली जावे. संपूर्ण कापात चांगल्या पेशी विरळ असतील तर त्या दिवशीची नोंदणी रद्द करण्याचे धैर्य ठेवावे.

पायरी ५: पॅच क्लॅम्प

नेहर आणि साकमन यांनी १९७६ मध्ये एकेका आयन-मार्गिकेतून (पेशीपटलातील विद्युतभारित कणांच्या वाटेतून) वाहणारा प्रवाह मोजून दाखवला. १९९१ चे नोबेल त्यांना त्यासाठी मिळाले. पॅच क्लॅम्पची मूळ कल्पना सोपी आहे: काचेच्या नळीचे (पिपेटचे) सुमारे एक मायक्रोमीटरचे तोंड पेशीपटलाला इतके घट्ट चिकटवायचे की मधून गळती होऊ नये. या घट्ट जोडाला सील म्हणतात.

संपूर्ण पेशीच्या नोंदणीसाठी पिपेटचा विरोध ३ ते ६ मेगाओहम असावा. आतले द्रावण ०.२ मायक्रोमीटरच्या गाळणीतून गाळलेले आणि बाहेरच्यापेक्षा १०–१५ मिलिऑस्मोलने सौम्य असावे. पाण्यात उतरण्यापूर्वीच पिपेटमध्ये हलका दाब द्या, म्हणजे वाटेतील कचरा तोंडाला चिकटणार नाही. पेशीजवळ पोहोचल्यावर त्या दाबाने पटलावर छोटी खळी पडलेली दिसते. ती दिसताच दाब सोडा. पटल आपोआप तोंडाकडे येते; गरज पडली तर किंचित शोषा आणि विभव उणे ७० मिलिव्होल्टकडे न्या. विरोध एक गिगाओहमच्या वर चढून स्थिर झाला की अर्धा-एक मिनिट थांबा, आणि मग आखूड, ठाम शोषणाने पटल फोडा. सील जमले नाही तर तीच पिपेट दुसऱ्या पेशीवर वापरू नये. काटकसर म्हणून हे करणारे पुष्कळ आहेत, आणि ती सवय कधीच फायद्याची ठरत नाही, कारण तोंडाला चिकटलेला पटलाचा तुकडा पुढची सील होऊच देत नाही.

येथे दोन आकडे नेहमी दुर्लक्षित राहतात. पहिला श्रेणी-विरोध, म्हणजे पिपेट आणि पेशीचा आतला भाग यांच्यामधला विरोध. तो २० मेगाओहम असेल आणि पेशीतून एक नॅनोॲम्पिअर प्रवाह वाहत असेल, तर पडद्यावर दिसणाऱ्या विभवात आणि पेशीच्या खऱ्या विभवात २० मिलिव्होल्टचा फरक पडतो. एवढ्या फरकात सोडियम मार्गिका बंदच्या उघड्या होऊ शकतात. म्हणून हा विरोध सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी मोजावा, आणि तो २० टक्क्यांहून जास्त बदलला तर ती पेशी वगळण्याचा नियम प्रयोगाआधीच लिहून ठेवावा. दुसरा आकडा द्रव-संधी विभवाचा, म्हणजे दोन वेगळी द्रावणे भेटतात तेथे तयार होणाऱ्या विभवाचा. पोटॅशियम ग्लुकोनेटच्या नेहमीच्या द्रावणात तो १० ते १५ मिलिव्होल्टच्या घरात असतो. दुरुस्ती केली आहे की नाही हे न लिहिता दोन प्रयोगशाळांच्या विश्राम-विभवांची (पेशी शांत असतानाच्या विभवांची) तुलना करणे निरर्थक आहे.

आणि एक मूलभूत मर्यादा: पटल फुटताच पेशीतील लहान रेणू पिपेटच्या द्रावणात विरघळून जाऊ लागतात. काही प्रवाह त्यामुळे मिनिटागणिक क्षीण होतात. औषध दिल्यानंतर प्रवाह घटला म्हणून हर्ष मानण्यापूर्वी, औषध न देता तेवढाच वेळ धरून ठेवलेल्या पेशींमध्ये तो किती घटतो हे पाहिलेच पाहिजे. आतला समतोल राखणे अत्यावश्यक असेल तेथे अँफोटेरिसिन बी वापरून पटलाला केवळ सूक्ष्म छिद्रे पाडण्याची पद्धत आहे. ती संथ आहे, पण पेशीच्या आतले मोठे रेणू जागेवर राहतात.

पायरी ६: ही पेशी नेमकी कोण, हे सिद्ध करा

पिपेटच्या द्रावणात बायोसायटिन हा खुणेचा रेणू घालून ठेवल्यास नोंदणीदरम्यान ते फांद्यांत पसरते. पंधरा-वीस मिनिटांनी पिपेट अतिशय सावकाश मागे घ्यावी, म्हणजे पटल पुन्हा मिटते. झटक्याने ओढली तर केंद्रकच बाहेर येते. नंतर काप ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये स्थिर करून रंगवला की पेशीचा पूर्ण आकार दिसतो, आणि तिची मुख्य फांदी कापात तुटलेली होती का हेही समजते. गोल्जी यांनी १८७३ मध्ये शोधलेल्या काळ्या रंजनक्रियेचे बळ असेच होते: त्यात थोड्याच पेशी रंगतात, पण ज्या रंगतात त्या बहुतांशी पूर्ण रंगतात. सर्वच पेशी रंगल्या असत्या तर तीच पद्धत वापरून चेतापेशी अभ्यासणाऱ्या रामोन इ काहाल यांना काळ्या डागाशिवाय काही दिसले नसते.

प्रतिपिंडांनी प्रथिने ओळखताना विक्रेत्याच्या माहितीपत्रकावर विसंबू नये. ते प्रथिनच नसलेल्या, म्हणजे संबंधित जनुक काढून टाकलेल्या प्राण्याच्या ऊतीतही रंग चढत असेल तर तो प्रतिपिंड निरुपयोगी आहे.

पायरी ७: प्रकाशाने पाहणे आणि प्रकाशाने चेतवणे

जिवंत प्राण्यात शेकडो पेशी एकाच वेळी पाहण्यासाठी जीकॅम्पसारखी कॅल्शियम-सूचक प्रथिने आणि १९९० मध्ये आलेली द्वि-फोटॉन सूक्ष्मदर्शकाची पद्धत वापरतात. सूचकच कॅल्शियम धरून ठेवतो, त्यामुळे तो अतिरिक्त झाला की पेशी आजारी पडते. तपासणी सोपी आहे: चांगल्या पेशीत केंद्रक काळे आणि भोवतीचे वलय उजळ दिसते, केंद्रकही उजळले असेल तर त्या पेशीच्या नोंदी बाजूला ठेवाव्यात. भोवतालच्या तंतूंचा उजेड पेशीच्या उजेडात मिसळतो, तो वजा केल्याशिवाय ‘दोन पेशी एकत्र चेततात’ असे म्हणू नये. चॅनलऱ्होडॉप्सिन हे प्रकाशाने उघडणारे प्रथिन घालून पेशी प्रकाशाने चेतवण्याची पद्धत २००५ पासून रूढ झाली. तिच्यात प्रकाशाच्या उष्णतेचाही परिणाम होतो, म्हणून ते प्रथिन नसलेल्या प्राण्यालाही तोच प्रकाश द्यावा लागतो.

पायरी ८: जनुकांची यादी

एकेका पेशीतील आरएनए वाचण्यासाठी पेशी सुट्या कराव्या लागतात, आणि कोमट विकरात सुट्या होताना त्या तणावाची जनुके चालू करतात. मायक्रोग्लिया, म्हणजे मेंदूतील संरक्षक पेशी, तर विशेष हळव्या असतात. त्यांच्या यादीत दिसलेला दाह कित्येकदा आपणच निर्माण केलेला असतो. गोठवलेल्या ऊतीतून केवळ केंद्रके काढून वाचली तर हा दोष पुष्कळ टळतो, फांद्यांतला आरएनए मात्र हातून जातो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला मानवी मेंदूचा पेशी-नकाशा केंद्रकांवरच आधारलेला होता. तीस लाखांहून अधिक केंद्रकांतून ३,००० हून अधिक उपगट पुढे आले. हे गट संगणकाने पाडलेले आहेत. त्यातला प्रत्येक गट म्हणजे वेगळे काम करणारी वेगळी पेशीच, असे गृहीत धरण्याची घाई नको.

पायरी ९: मानवी पेशी

शस्त्रक्रियेत, विशेषतः अपस्माराच्या, काढून टाकावी लागणारी ऊती रुग्णाच्या संमतीने मिळू शकते. ती जिवंत असते, पण ती देणारा निरोगी नसतो. मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूत मृत्यू आणि गोठवणे यांतील अवधी, ऊतीचा सामू आणि आरएनएची अवस्था नोंदवावीच लागते.

यामानाका यांच्या पद्धतीने, उंदरांत २००६ आणि मानवात २००७ पासून, त्वचेच्या पेशींना मूलपेशी बनवून त्यांच्यापासून चेतापेशी करता येतात. वृद्धापकाळच्या आजारासाठी त्या वापरताना अडचण अशी की, या पेशी दात्याच्या वयाच्या नसून गर्भावस्थेतील पेशींसारख्या असतात. शिवाय दोन माणसांच्या पेशींतील फरक आजारामुळे की निव्वळ दोन भिन्न माणसे असल्यामुळे, हे सांगता येत नाही. म्हणून त्याच पेशीरेषेत दोषी जनुक क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने दुरुस्त करून तिचीच तुलना तिच्याशी करावी. गुणसूत्रे ठरावीक काळाने तपासावीत, कारण विसाव्या गुणसूत्राचा एक तुकडा वाढलेल्या पेशी ताटलीत इतरांना मागे टाकतात आणि काही महिन्यांत सर्व ताटली त्यांचीच होते.

पायरी १०: मोजणी

एका उंदराच्या वीस पेशी म्हणजे वीस स्वतंत्र पुरावे नव्हेत. त्या एकाच मातेच्या, एकाच दिवशी, एकाच हाताने कापलेल्या मेंदूतल्या आहेत. तीन उंदरांच्या साठ पेशी घेऊन, साठ ही संख्या धरून चाचणी लावली की नसलेला फरकही ‘लक्षणीय’ ठरू शकतो. एकतर प्रत्येक प्राण्याची सरासरी काढा, नाहीतर पेशी प्राण्यात आणि प्राणी वेतात सामावले आहेत हे मानणारे मिश्र-परिणाम प्रारूप वापरा. आलेखात मात्र प्रत्येक प्राण्याचे ठिपके वेगळ्या खुणेने दाखवाच. कल्चरमध्ये स्वतंत्र पुरावा म्हणजे वेगळ्या दिवशी केलेली वेगळी तयारी; एकाच दिवशीच्या दहा कव्हरस्लिप नव्हेत.

नोंदणी करणाऱ्याला गट माहीत नसावा. उंदराचा गट सहकाऱ्याने सांकेतिक क्रमांकात लपवावा आणि वगळण्याचे सर्व निर्णय झाल्यावरच उघड करावा. नोंदवहीत यशस्वी पेशींइतकीच वगळलेल्या पेशींनाही जागा द्यावी: किती वेळा सील जमले नाही, किती पेशी श्रेणी-विरोधामुळे गेल्या, कोणत्या दिवशीचे काप फेकले आणि का. एका गटातून पंधरा टक्के आणि दुसऱ्यातून निम्म्या पेशी वगळल्या गेल्या असतील, तर उरलेल्या पेशींची सरासरी काढण्याआधी दुसऱ्या गटाच्या पेशी कापताना अधिक का मरतात हे शोधावे लागेल, आणि कधी कधी प्रयोगाचा खरा निष्कर्ष तोच असतो.